अर्ध्या मिलिमीटरची चाळणी

बेचाळीस बरण्या. चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाहून तीन नमुने. प्रत्येक बरणीत समुद्राच्या तळाचा गाळ, त्यावर फॉर्मॅलिन, आणि रोझ बेंगॉल नावाचा रंग घातल्यामुळे सगळंच गुलाबी झालेलं. समुद्री जीवशास्त्रज्ञ व्हायला निघालेल्या मला पहिल्या दिवशी मिळालं ते हे. सोबत एक पांढरा ट्रे, बारीक टोकाचा चिमटा आणि खिडकीपासून सगळ्यात लांबचं टेबल.

"यातलं जिवंत आहे ते सगळं वेचायचं," मॅडम म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "म्हणजे, जिवंत होतं ते."

काम असं असतं. आधी बरणीतलं फॉर्मॅलिन काढून टाकायचं. ते विषारी, त्यामुळे हातमोजे घालून आणि वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच. मग गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या पाण्याने धुवायचा. चाळणीवर उरेल त्यातला चमचाभर ट्रेमध्ये घ्यायचा, पाणी घालून पसरायचा आणि बघत बसायचं. रोझ बेंगॉल प्राण्यांच्या शरीराला चढतो, वाळूला चढत नाही. म्हणून गुलाबी दिसेल ते उचलायचं, असा सोपा नियम. पण कुजलेला पालाही थोडाफार गुलाबी होतो, आणि पहिल्या आठवड्यात मी प्राण्यांपेक्षा पालाच जास्त वेचला. पहिली बरणी संपवायला मला अडीच दिवस लागले. ११७ जीव निघाले. मला वाटलं, झालं. मग मॅडमनी मी बाजूला ठेवलेल्या गाळातला थोडा भाग घेतला, दिव्याखाली धरला आणि दहा मिनिटांत आणखी नऊ काढून दाखवले. एकाने तपासलेला गाळ दुसऱ्याने पुन्हा बघायचा, ही अशा प्रयोगशाळांची रीतच असते. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे ते सगळं माझ्या अपमानासाठी चाललंय अशी माझी दिवसभर समजूत होती.

चाळणी अर्ध्याच मिलिमीटरची का, हे मी तिसऱ्या दिवशी विचारलं. तळाशी राहणाऱ्या जिवांचे आकारावरून गट करतात. चाळणीवर उरले ते मॅक्रोफॉना. निसटून गेले ते मायोफॉना, त्यांचा अभ्यास वेगळी माणसं वेगळ्या चाळण्यांनी करतात. ही रेघ काही समुद्राने आखलेली नाही, चाळणीने आखली आहे. काही जण एक मिलिमीटरची चाळणी वापरतात. काम पटकन होतं, पण लहान जीव खाली निघून जातात आणि तोच समुद्र आकड्यांत ओसाड दिसतो. दोन अहवाल शेजारी ठेवून तुलना करण्याआधी चाळणी किती मिलिमीटरची होती ते बघायचं, ही माझी या क्षेत्रातली पहिली शिकवणी.

मला खरं तर देवमासे हवे होते. प्राणिशास्त्राची पदवी झाली होती, पोहता येत होतं, आणि समुद्री सस्तन प्राण्यांबद्दल हाती लागेल ते मी वाचलं होतं. एवढ्या भांडवलावर मी ३१ ईमेल पाठवले. त्यातल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य होतं, "मला लहानपणापासून समुद्राचं वेड आहे." चार उत्तरं आली. दोन नकार, एक 'मी रजेवर आहे' असं आपोआप येणारं, आणि एक जण म्हणाले की कळवतो. ते अजून कळवतायत.

आता माझ्याकडे असे ईमेल येतात तेव्हा कळतं की त्या वाक्यात चूक काही नाही, पण त्यावर उत्तर तरी काय देणार? वेड सगळ्यांनाच असतं. बत्तिसाव्या वेळी मी वेगळं केलं, तेही हुशारीने नव्हे, कंटाळून. एका बाईंचा शोधनिबंध मी शब्दकोश घेऊन, तीन दिवस लावून, पूर्ण वाचला. देवमाशांचा नव्हता, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कृमींचा होता. त्यातल्या पद्धतीच्या भागात मला एक शंका आली: एका ठिकाणाहून तीनच नमुने का घेतले, पाच का नाहीत? तेवढंच विचारलं. वेडाबद्दल काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: "कारण वेचायला माणसं नाहीत. येता का?"

तर मी गेले. पहिले दोन महिने मानधन नव्हतं. त्यानंतर थोडं सुरू झालं. हे मी अभिमानाने सांगत नाही. मला तेव्हा घरून आधार होता म्हणून दोन महिने फुकट चिखल चाळणं परवडलं. माझ्याबरोबर एक मुलगी होती, हाताने माझ्यापेक्षा चपळ, नजरेने माझ्यापेक्षा तेज. तिला तिसऱ्या आठवड्यात पगाराचं काम घ्यावं लागलं आणि ती गेली. या क्षेत्रात कोण टिकतं याची पहिली चाळणी बुद्धीची नसते, ती ही असते. 'अनुभव मिळतोय ना' असं म्हणून जे लोक वर्षानुवर्षं फुकट काम करून घेतात त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो जाण्याचं काही कारण मला अजून सापडलेलं नाही.

वेचलेले जीव आधी ढोबळ गटांत लावायचे: कृमी, शिंपले, खेकड्यांच्या जातीतले कवचधारी, बाकीचे. मऊ तळाच्या समुद्रात बहुतेक वेळा सगळ्यात जास्त भरतात ते पॉलिकीट, म्हणजे अंगाच्या प्रत्येक कड्यावर राठ केसांचे झुबके असणारे कृमी. त्यांच्या दहा हजारांहून अधिक प्रजातींची वर्णनं झालेली आहेत. पदवीच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन आकृत्या आल्या होत्या. त्यातली एक नेरीसची.

पहिला नेरीस मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तो दिवस मला आठवतो. डोक्यावर दोन जोड्या डोळे. पुढे दोन जाड, सांध्याच्या मिशा. बाजूने लांब दोऱ्यांसारखे स्पर्शक. मॅडमनी सुईने डोक्यामागे हलकेच दाबलं तशी तोंडातून सोंड उलटी होऊन बाहेर आली, मोज्याचा आतला भाग बाहेर काढावा तशी, आणि तिच्या टोकाला दोन काळसर, आतून दातेरी जबडे. सोंडेवर बारीक काळे ठिपके होते. ठिपके म्हणजे दात. कुठल्या भागावर किती दात आणि कशा ओळीत, यावरून प्रजाती ठरते. आठ मिलिमीटरच्या प्राण्याच्या सोंडेवरचे दात मोजायचे! मी एका बैठकीत तीन वेळा मोजले आणि तीन वेगळे आकडे आले. त्या दिवशी देवमासे डोक्यातून गेले असं म्हणता येणार नाही, पण जरा बाजूला सरकून बसले.

ओळखायची रीत अशी की एक किल्ली असते, प्रश्नांची साखळी. डोळे आहेत का? असतील तर सात नंबरवर जा, नसतील तर बारावर. सातवर पुढचा प्रश्न. किल्ली नवशिक्याला खूप विश्वासू वाटते, कारण ती कुठल्या तरी नावावर नेऊन पोचवतेच. चुकीच्या वळणावरही ती त्याच आत्मविश्वासाने पुढे नेते. मी पहिल्या महिन्यात नेफ्टिडी कुळातले कितीतरी कृमी नेरिडिडीत, म्हणजे नेरीसच्या कुळात, टाकले. नेफ्टिडींना मोत्यासारखी चकाकी असते आणि डोकं लहान, चौकोनी असतं. चकाकी रोझ बेंगॉलने झाकली गेली होती आणि डोकं मी नीट बघितलंच नव्हतं, कारण मला नेरीस ओळखता येतो याचा इतका आनंद झाला होता की मला सगळीकडे नेरीसच दिसत होते.

अजून एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात मी वाचली नव्हती. चाळताना, वेचताना कृमी तुटतात. एका कृमीचे चार तुकडे झाले तर मोजायचे किती? मी भाबडेपणाने चार मोजले होते. नियम असा की फक्त डोकी मोजायची. शेपट्या कितीही असोत, मधले तुकडे कितीही असोत, डोकं नसेल तर तो आकड्यात नाही. माझे ११७ डोकी मोजल्यावर ८३ झाले.

मॅडमनी एकदा जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा, गांडुळासारखा साधा कृमी दाखवला: कॅपिटेला. डोक्यावर सांगण्यासारखं काही नाही. हा कृमी प्रदूषणाची खूण म्हणून प्रसिद्ध आहे. सेंद्रिय घाण साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या तळावर बाकीचे मरतात आणि हा वाढतो. १९६९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वेस्ट फाल्मथ इथे तेल सांडलं, तेव्हाही तिथे कॅपिटेलाची गर्दी झाली होती. त्यावर काम करणाऱ्या ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं की ज्याला सगळे एकच प्रजाती समजत होते त्यात निदान सहा वेगळ्या प्रजाती दडलेल्या आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण प्रजननाच्या तऱ्हा वेगळ्या. "म्हणजे जगभरच्या अहवालांत जिथे जिथे कॅपिटेला कॅपिटाटा लिहिलंय," मॅडम म्हणाल्या, "तिथे नक्की कोण होतं ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही." मला हे ऐकून धीर आला. मॅडमच्या मनात धीर द्यायचा नव्हता.

आता लेबलांचं. हे लिहायचं टाळणार होते, पण मग उरलेलं सगळं खोटं वाटेल.

वेचलेले प्राणी कुळांप्रमाणे छोट्या कुप्यांत, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. मी कुप्यांवर बाहेरून नावं लिहिली, 'कधीही न पुसणारं' असं वेष्टनावर लिहिलेल्या पेनाने. ते पाण्याने पुसलं जात नाही, हे खरं. एका संध्याकाळी ट्रेमध्ये एक कुपी लवंडली, अल्कोहोल सांडलं, आणि सकाळी येऊन बघते तर सात कुप्यांवर निळसर ओघळ. नऊ नंबरच्या ठिकाणाचा तिसरा नमुना. आत प्राणी सगळे सुखरूप, एकाचाही केस हललेला नाही, फक्त ते कुठले हे आता जगात कोणालाही सांगता येणार नव्हतं. मी म्हटलं, उरलेल्या नमुन्यांशी ताडून अंदाजाने लावता येतील. मॅडम चिडल्या त्या लेबलांवरून नाही, या वाक्यावरून.

लेबल पेन्सिलीने लिहायचं, जाड कागदावर, आणि कुपीच्या आत टाकायचं. ग्रॅफाइटला अल्कोहोल काही करत नाही. त्यावर ठिकाण, तारीख, खोली, नमुन्याचा क्रमांक, चाळणी, वेचणाऱ्याचं नाव. बाहेरचं लेबल सोयीसाठी, आतलं खरं. हे सगळं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला ते कारकुनी वाटलं होतं. त्या अहवालात नऊ नंबरच्या ठिकाणापुढे तीनऐवजी दोनच नमुने आहेत आणि खाली एक तळटीप आहे. अहवालात माझं योगदान शोधायचं तर ते एवढंच.

बरण्या संपल्या तेव्हा साडेतीन महिने झाले होते. मग मला पहिल्यांदा किनाऱ्यावर नेलं. खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात काम करायचं तर घड्याळ आपलं नसतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सगळ्यात खालचा खडक उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात, आणि तोही तासा-दोन तासांपुरता. भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत तो पाण्याखालीच राहतो. तेव्हा ओहोटी पहाटे साडेचारला असेल तर साडेचारला, डोक्याला दिवा बांधून.

हातात क्वाड्रॅट, म्हणजे अर्धा मीटर बाजूची चौकट, आत दोऱ्यांनी आखलेले चौकोन. ती खडकावर ठेवायची आणि आत काय काय आहे ते मोजायचं. कुठे ठेवायची हे आपण ठरवायचं नाही, आधी काढून आणलेले यादृच्छिक आकडे ठरवतात. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आकडा एका उघड्याबोडक्या खडकावर नेतो, आणि दोन हातांवर समुद्रफुलांनी भरलेली डबकी दिसत असतात. माझा हात दोनदा नकळत तिकडे गेला. तिसऱ्यांदा सहकाऱ्याने मनगट धरलं. मग मी त्या रिकाम्या चौकटीत बसून वहीत लिहिलं: शिंपले ०, खडकाला चिकटून बसणारे कवचधारी बार्नॅकल ०, शैवाल ०. शून्यं लिहायची, रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्याचा अर्थ 'बघितलं नाही' असाही होऊ शकतो.

खडकावरच्या त्या बार्नॅकलचे पट्टे मला आधी नुसते सुंदर वाटले. वर एक जात, खाली दुसरी, मध्ये आखल्यासारखी सीमा. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर याच साध्या गोष्टीचा पिच्छा पुरवला आणि १९६१ मध्ये उत्तर छापलं. वरच्या पट्ट्यातली थॅमलस ही जात खालीही जगू शकते. त्याने खालच्या खडकांवरून बॅलॅनस ही दुसरी जात खरवडून काढली, तेव्हा थॅमलस तिथे सुखाने वाढली. काढली नाही तिथे बॅलॅनसने तिला झाकलं, उचकटलं, चिरडलं. बॅलॅनसला मात्र वरचं ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. या अभ्यासाला बोट लागलं नाही, पाणबुडी लागली नाही. खडक, खरवडायला काहीतरी आणि पुन्हा पुन्हा तिथेच येऊन मोजायची चिकाटी, एवढ्यावर झालं. हे मला कळलं तेव्हा मी त्या उघड्या खडकावरून उठले नाही, ओहोटी होती तोवर.

पुढच्या काही महिन्यांत मी स्वतःचा एक छोटा अभ्यास केला. दोन किनारे घेतले, एक वर्दळीचा, एक शांत. प्रत्येकावर २० चौकटी मोजल्या. वर्दळीच्या किनाऱ्यावर शिंपले कमी निघाले. आकडेशास्त्राची चाचणी लावली, फरक ठळक आला. मी आनंदाने निष्कर्ष लिहिला: माणसांच्या वर्दळीमुळे शिंपले कमी होतात. तो कागद एका ज्येष्ठ सहकाऱ्याने वाचला आणि विचारलं, "तुझ्याकडे वर्दळीचे किनारे किती?"

"वीस चौकटी," मी म्हटलं.

"किनारे किती?"

एक. वीस चौकटी असोत की दोनशे, किनारा एकच. त्या दोन किनाऱ्यांत लाटांचा जोर वेगळा असेल, खडक वेगळा असेल, गोड्या पाण्याचा ओहोळ असेल. मी दोन किनाऱ्यांमधला फरक मोजला होता आणि वर्दळीच्या नावावर खपवला होता. या चुकीला नाव आहे, स्यूडोरेप्लिकेशन. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये १७६ छापील प्रायोगिक अभ्यास तपासून दाखवलं होतं की त्यातल्या २७ टक्क्यांत हीच चूक आहे. मी एकटी नव्हते, पण तेवढ्याने माझा निष्कर्ष टिकला नाही. मग चार वर्दळीचे आणि चार शांत किनारे शोधले. फरक उरला, पण अगदीच पुसट. ठळक फरक छापायला जितका मजेशीर असतो तितकाच पुसट फरक लिहायला कष्टाचा असतो, प्रत्येक वाक्याला 'कदाचित' जोडावं लागतं.

त्यानंतर मी संख्याशास्त्र आणि आर ही संगणकभाषा शिकायला बसले. याला मी सहा महिने दिले आणि आणखी द्यायला हवे होते. पदवीला असताना गणितापासून सुटका म्हणून जीवशास्त्र घेणारे आम्ही बरेच जण होतो. ती सुटका नव्हती, उधारी होती. आज माझ्या कामाच्या दिवसांचा हिशेब केला तर समुद्रावर वर्षातले फार तर तीस-चाळीस दिवस जातात. बाकी सूक्ष्मदर्शक आणि संगणक. पाण्याखाली उतरण्याचं प्रशिक्षण मी घेतलं आहे, पण कामासाठी ते किती वेळा वापरलं ते बोटांवर मोजता येईल.

बोटीचं एक सांगायचं राहिलं. पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही, उत्साहाने. बोट बंदराबाहेर पडून अर्धा तास झाला नसेल, मी कठड्याला लटकले होते. "ताई, लांब बघा, क्षितिजाकडे," तांडेल म्हणाले, "खाली बघू नका." पण माझं काम खालीच होतं. तळाचा गाळ आणतात तो फान फेन ग्रॅबने. दोन जबड्यांची लोखंडी बादली म्हणा. तळाला टेकली की कडी सुटते, वर ओढताना जबडे मिटतात, आणि एक दशांश चौरस मीटरचा तळ त्यात येतो. जबड्यात शिंपला अडकला तर फट राहते आणि वर येईपर्यंत अर्धा गाळ धुवून जातो. तसा नमुना टाकून द्यायचा आणि पुन्हा ग्रॅब सोडायचा. त्या दिवशी एका ठिकाणी पाच वेळा सोडला. आलेला गाळ डेकवरच चाळणीत घ्यायचा आणि नळीने अगदी हलकं पाणी सोडत धुवायचा. घाई करून बोटांनी चेपला की कृमी तुटतात, आणि तुटले की पुढे डोकी शोधत बसायचं. पाणी चालू असताना चाळणी सोडून उठता येत नाही. मी तशी ओणवी बसले होते, पोटात ढवळत होतं, तेवढ्यात बोटीच्या पुढच्या बाजूला आरडाओरडा झाला, धावपळ झाली. मी चाळणी हातातली ठेवून होईस्तोवर सगळे परत येत होते. डॉल्फिन होते म्हणे, सात-आठ, पिल्लं पण.

दुसऱ्या फेरीपासून मी निघायच्या आधीच मळमळीची गोळी घ्यायला लागले. लाज वाटायचं कारण नाही हे कळायला एक फेरी पुरली. चार्ल्स डार्विनला बीगलवर पाच वर्षांच्या प्रवासात समुद्र लागत असे, तेव्हा आपण कोण.

नोकरी कशी मिळाली हे सगळे विचारतात, आणि माझं उत्तर त्यांना निराश करतं. बंदर वाढवायचं असो, समुद्रात पाइपलाइन टाकायची असो की पवनचक्क्या उभारायच्या असोत, आधी तळाशी कोण राहतं ते मोजावं लागतं. त्यासाठी कृमी ओळखणारी माणसं लागतात आणि ती फार नसतात. देवमाशांसाठी एका जागेला शेकडो अर्ज येतात, पॉलिकीटांसाठी आमच्या वेळी अकरा आले होते. मुलाखतीत प्रश्न कमी आणि हातात काम जास्त. एका ट्रेमध्ये दहा कुप्या, दोन तास, सूक्ष्मदर्शक, किल्ल्या. कुठपर्यंत ओळखता येतं ते लिहा.

सहा मला प्रजातीपर्यंत लागले. दोन वंशापर्यंत. एक कृमी मधूनच तुटलेला होता, डोकं नव्हतं, तर मी लिहिलं 'डोकं नाही, मोजणीत धरता येणार नाही.' दहाव्यावर मी चाळीस मिनिटं घालवली आणि शेवटी फक्त कुळाचं नाव लिहून पुढे रेघ मारली. बाहेर आले तेव्हा वाटलं, गेली ही नोकरी. पुढे रुजू झाल्यावर कळलं की डोकं नसलेला कृमी त्यांनी मुद्दाम ठेवला होता आणि दहावाही मुद्दाम. अकरापैकी सात जणांनी दहाव्याला पूर्ण नाव दिलं होतं. सात वेगवेगळी नावं.

ती जागा प्रकल्प संपेपर्यंतची होती. त्यानंतर दुसरी, तीही प्रकल्प संपेपर्यंतची. मग पीएचडी, पुन्हा तसंच. या क्षेत्रात पहिली काही वर्षं अशीच तुकड्या-तुकड्यांत जातात. माझ्या वर्गातल्या एकाने मत्स्यविज्ञान धरलं. तो माशांच्या कानातले ओटोलिथ, म्हणजे कानातले खडे, कापून त्यावरची वर्षवलयं मोजतो आणि माशांचं वय सांगतो. त्याला आमच्यापैकी सगळ्यांत आधी कायमची नोकरी लागली. एकजण कोळंबीच्या पैदास केंद्रात आहे. एकजण सगळ्यातून बाहेर पडून आकडेवारी विश्लेषणाच्या कंपनीत गेली आणि आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावते. ती स्यूडोरेप्लिकेशन अजून विसरलेली नाही, म्हणते त्या कंपनीत तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

तो दहावा कृमी सिरॅटुलिडी कुळातला होता. या कुळाच्या अंगावर लांब धाग्यांसारखे कल्ले आणि स्पर्शक असतात, आणि हात लागला की ते गळतात, मग ओळखायला उरतं फार थोडं. गेल्या महिन्यात तशाच एका नमुन्यात मला एक निघाला, चौदा मिलिमीटरचा, पाच धागे शाबूत. तीन किल्ल्या लावून पाहिल्या, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी नेतात. फोटो काढून या कुळावर काम करणाऱ्या एका तज्ज्ञांना पाठवले आहेत. त्यांचं उत्तर आलं की मागच्या टोकाचे केस बघायचे आहेत, कृमी पाठवा. तोपर्यंत तो कुपीत आहे, आत पेन्सिलीने लिहिलेलं लेबल: सिरॅटुलिडी, क्रमांक १. ठिकाण ६, नमुना २, खोली १८ मीटर, चाळणी ०.५ मिलिमीटर.